मंद गोळीचा नेम

स्पर्धेच्या मैदानावर गोळीला अखेर एकच काम उरते, ते म्हणजे कागदाला भोक पाडणे. आणि हे काम दिसते तितके सरळ नाही. गोल नाकाची शिशाची गोळी कागद कापीत नाही, तर त्यातील तंतू बाजूला सारीत पुढे जाते, आणि ती निघून गेल्यावर ते तंतू पुन्हा अर्धवट मिटत असल्यामुळे मागे जे छिद्र राहते ते गोळीच्या खऱ्या व्यासाहून लहान, कडा चिरफाळलेले आणि कोठे संपते हे नेमके सांगता न येणारे असे असते. गोळी वर्तुळाच्या रेषेस शिवली तर वरचा गुण द्यावा असा स्पर्धांचा जुना शिरस्ता असल्याने अशा छिद्रावरून तक्रारी उपस्थित होणे अपरिहार्य होते, आणि पंचांना भिंग घेऊन निवाडे करीत बसावे लागे. जिचे तोंड सपाट आहे, कड धारदार आहे आणि देह सरळ दंडगोलासारखा आहे अशी गोळी घडवली असता ती कागदातून स्वच्छ वाटोळी चकती कापून नेते, छिद्राची मर्यादा निःसंदिग्ध होते, आणि रेषेला निसटता स्पर्श झाला असला तरी तो पुराव्यानिशी दाखवता येतो. वॉडकटर या नावाने नेमबाजांत प्रसिद्ध असलेल्या गोळीचा जन्म असा गुणलेखनाच्या गरजेतून झाला. शिकारीशी अथवा युद्धाशी तिचा काही संबंध नव्हता.

रिव्हॉल्व्हरने निशाणबाजी करणे ही एक स्वतंत्र कला आहे, ही मान्यता एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत इंग्लंडात आणि अमेरिकेत दृढ झाली. इंग्लंडातील राष्ट्रीय रायफल संस्थेने १८९० साली आपले सामने विंबल्डनहून सरे परगण्यातील बिस्ले येथे नेले, आणि त्या मैदानाची कीर्ती इतकी झाली की कोल्ट कंपनीने १८९४ मध्ये काढलेल्या आपल्या एका निशाणी रिव्हॉल्व्हरला त्याचेच नाव दिले. बिस्लेच्या त्या पिढीतला सर्वांत चमकदार पुरुष म्हणजे वॉल्टर विनान्स. हा गृहस्थ सेंट पीटर्सबर्गला जन्मलेला, इंग्लंडात राहणारा, परंतु नागरिकत्वाने अमेरिकन. १९०१ मध्ये त्याने रिव्हॉल्व्हरच्या नेमबाजीवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला, १९०८ च्या ऑलिंपिकमध्ये धावत्या हरणाच्या कृत्रिम लक्ष्यावर सुवर्णपदक मिळवले, आणि १९१२ मध्ये दुसरे सुवर्णपदक मिळवले ते चक्क शिल्पकलेत, घोड्याच्या एका ब्राँझ मूर्तीबद्दल. त्या काळी ऑलिंपिकमध्ये कलांनाही पदके असत, ही गोष्ट आज पुष्कळांना दंतकथेसारखी वाटते.

पण आपल्या विषयाचे खरे क्षेत्र अमेरिका. तेथे स्मिथ अँड वेसन कंपनीने एकोणिसावे शतक संपता संपता ०.३८ स्पेशल हे काडतूस काढले, आणि पुढील साऱ्या कथेचे बीज या काडतुसाच्या एका विसंगतीत आहे. ते काढले त्या वेळी काळ्या दारूचा अंमल पुरता संपलेला नव्हता. म्हणून सुमारे २१ ग्रेन काळी दारू मावेल असे १.१५५ इंच लांबीचे पितळी कवच त्याला देण्यात आले. पुढे निर्धूर दारू आली, आणि निशाणबाजीच्या सौम्य बारासाठी तिचे तीन ग्रेनांच्या आतबाहेरचे प्रमाण पुरेसे ठरू लागले. चिमूटभर दारूसाठी एवढे विस्तीर्ण कोठार रिकामे ठेवले म्हणजे दारू कधी तिला पेटवणाऱ्या टोपीच्या बाजूस, कधी गोळीच्या बाजूस सरकते आणि प्रत्येक बाराचा जोर थोडा निराळा निघतो. वॉडकटर गोळीने या दोषाचे परिमार्जन अनायासे केले. तिला पुढे निघालेले नाक नसल्यामुळे ती सबंधच्या सबंध कवचात, तोंडाशी समतल होईपर्यंत, उतरवता येते. आतली पोकळी त्या मानाने घटते आणि थोडक्या दारूचे ज्वलन अधिक एकसारखे होते. कागद स्वच्छ कापावा म्हणून घेतलेल्या आकाराने काडतुसाच्या पोटातील व्यवस्थाही सुधारावी, हा योगायोग मला या साऱ्या प्रकरणातील सर्वांत सुंदर भाग वाटतो.

या गोळीचे रूढ वजन १४८ ग्रेन, म्हणजे सुमारे ९.६ ग्रॅम; आणि तिचा वेग सेकंदाला ७०० ते ७७० फुटांच्या दरम्यान, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या दोनतृतीयांशाच्या आसपास. पन्नास यार्डांवरच्या लक्ष्याशी पोहोचण्यास तिला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो आणि तेवढ्या अवधीत ती जवळजवळ वीतभर खाली येते. पण हे पतन दर वेळी सारखेच असल्याने दृष्टिदर्शक एकदा जुळवून ठेवले की त्याचा जाच उरत नाही. मंदपणाचे लाभ मात्र ठळक आहेत. धक्का कमी बसतो, मनगट स्थिर राहते, शिसे वितळून नळीला चिकटण्याचा संभव घटतो, आणि गोळीचे मऊ अंग अवाजवी ताणात सापडत नाही. वेगाचा मोह धरून या गोळीला जोराने हाकणारे हौशी नेमबाज प्रत्येक पिढीत निघतात, आणि कागदावर विखुरलेली छिद्रे पाहून नजरेला किंवा हाताच्या थरथरीला दोष देतात. सपाट तोंडाच्या या आखूड दंडगोलाला हवेचा प्रतिरोध मोठा असतो आणि त्याचे स्थैर्य मुळातच बेताचे असते; पन्नास यार्डांच्या पलीकडे ती डगमगू लागते आणि कागदावर आडवी पडल्याच्या खुणा दिसू लागतात. तिला तिच्या मर्यादेत राहू द्यावे हे बरे.

दुसऱ्या महायुद्धानंतरची दहा-पंधरा वर्षे हा या गोळीचा आणि तिच्यासाठी घडवलेल्या रिव्हॉल्व्हरांचा सुवर्णकाळ. कोल्टचे ऑफिसर्स मॉडेल १९०४ पासून चालत आले होते; स्मिथ अँड वेसनने १९४७ च्या सुमारास के-३८ मास्टरपीस बाजारात आणले. मास्टरपीस या नावाखाली ०.२२, ०.३२ आणि ०.३८ अशा तीन मापांची भावंडे होती, आणि नळीवरील पट्टीची रुंदी कमीजास्त करून भरलेल्या तिन्ही रिव्हॉल्व्हरांचे वजन साडेअडतीस औंसांच्या जवळ ठेवण्यात आले होते, जेणेकरून एकाच स्पर्धेत माप बदलले तरी हाताची सवय मोडू नये. ओहायो संस्थानातील कँप पेरी येथे भरणाऱ्या राष्ट्रीय सामन्यांत डेट्रॉइटचा पोलीस अधिकारी हॅरी रीव्ह्ज याच्यासारखे विजेते रिव्हॉल्व्हरचा कैवार घेऊन उभे असत. पन्नास यार्डांवरच्या तेथील लक्ष्यातील दहा गुणांचे वर्तुळ ३.३६ इंच व्यासाचे; आणि त्यावर एका हाताने, उभ्याने, दुसऱ्या कशाचाही आधार न घेता नेम धरावयाचा.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. रायफलीत गोळी ज्या घरात बसते त्याच्यापुढे तीच नळी अखंड चालू राहते. रिव्हॉल्व्हरची गोष्ट तशी नाही. त्याच्या चक्रीत सहा घरे असतात, आणि चाप ओढला की गोळीचा प्रवास पाच मुक्कामांनी होतो. ती कवचातून सुटते, घराच्या पुढील अरुंद घशातून निसटते, चक्री आणि नळी यांच्यामधील काही सहस्रांश इंचांची उघडी फट ओलांडते, नळीच्या मागील तोंडाशी कोरलेल्या नरसाळ्यात शिरते, आणि मग कोठे नळीतील आट्यांच्या, म्हणजे पिळदार खाचांच्या, पकडीत सापडून फिरू लागते. यांतील प्रत्येक मुक्कामावर तिला वाकडे होण्याची मुभा आहे. घसा तिच्याहून रुंद असेल तर ती त्यात कलते आणि कललेलीच नरसाळ्यावर आदळते. घसा तिच्याहून अरुंद असेल तर तो तिला आधीच दाबून बारीक करतो, आणि मग नळीत ती सैल पडून तिच्या अंगावरून तप्त वायू निसटू लागतो. म्हणून जुन्या रिव्हॉल्व्हरसाठी गोळी निवडताना पहिली खातरजमा नळीची नव्हे, घशाची करावी: गोळी घशातून बोटाच्या सौम्य दाबाने सरकावी, आपल्या वजनाने घरंगळू नये आणि हातोडीही मागू नये. माझे स्पष्ट मत असे की अचूकतेचा निम्म्याहून अधिक निकाल या एका परीक्षेतच लागून जातो, आणि धातूच्या कठीणपणावरून नेमबाजांत जे वाद पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत ते या परीक्षेपुढे दुय्यम आहेत.

जुन्या रिव्हॉल्व्हरांत ही परीक्षा अधिकच अगत्याची ठरते, कारण त्यांची मापे एकमेकांशी जुळत नाहीत. नावाने हे माप ०.३८ असले तरी गोळीचा व्यास ०.३५७ किंवा ०.३५८ इंच असतो. स्मिथ अँड वेसनच्या नळीतील खाचांचा व्यास बहुधा त्याच्या जवळपास मिळतो. कोल्टच्या जुन्या नळ्या मात्र ०.३५४ इंचांइतक्या घट्ट सापडतात. पिळातही दोहोंचे मत भिन्न. कोल्टचा पीळ डावा आणि अधिक वळणाचा, स्मिथ अँड वेसनचा उजवा आणि पावणेएकोणीस इंचांत एक फेरा घेणारा. आखूड व सपाट गोळीला अधिक पीळ मानवतो अशी कोल्टच्या चाहत्यांची कैफियत आहे, आणि तिच्यात तथ्य आहे. पण दोन्ही घराण्यांच्या रिव्हॉल्व्हरांनी विक्रम झालेले आहेत, तेव्हा हा वाद मिटावा अशी वाद घालणाऱ्यांचीच इच्छा नसावी. स्मिथ अँड वेसनच्या काही नळ्या चौकटीत पेचाने घट्ट बसवताना त्या जागी आतून किंचित दबलेल्या असतात. नळीच्या मागल्या टोकाकडून शिशाचा मऊ तुकडा हळूहळू ढकलीत नेला असता ही अडचण हाताला स्पष्ट जाणवते. आणखी एक गोष्ट: ०.३५७ मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये ०.३८ चे काडतूस चालते खरे, पण तेथील घर ०.१३५ इंचांनी अधिक लांब कवचासाठी कोरलेले असल्याने गोळीला घशापर्यंत निराधार उडी घ्यावी लागते. निखळ निशाणबाजीसाठी जुने, केवळ ०.३८ चेच रिव्हॉल्व्हर पसंत करणाऱ्यांचा आग्रह त्यामुळे सर्वस्वी हटवादी म्हणता येत नाही.

गोळीचा कोणता भाग निर्दोष असावा, या प्रश्नाचा छडा मॅसॅच्युसेट्समधील मिलफर्डच्या डॉ. फ्रँकलिन मान यांनी लावला. पेशाने ते वैद्यकीय पदवीधर. पण आयुष्याचा उत्तम भाग त्यांनी स्वतःच्या खासगी मैदानावर गोळ्यांचे उड्डाण तपासण्यात घालवला, आणि १९०९ साली आपल्या प्रयोगांचा वृत्तांत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्यांनी गोळ्यांची नाके जाणूनबुजून विद्रूप केली आणि त्या झाडल्या; कागदावर फारसा फरक पडला नाही. मग त्यांनी गोळ्यांचे तळ किंचित विरूप केले, आणि छिद्रांचा पुंजका तत्काळ पसरला. कारण असे की गोळी नळीच्या मुखातून बाहेर पडताना शेवटी सुटतो तो तिचा तळ. त्याची कड एका बाजूने जरी तुटलेली असली तरी कोंडलेला वायू त्या बाजूने आधी उसळतो आणि गोळीला निरोपाच्या क्षणी तिरका रेटा देतो. मान यांचे प्रयोग रायफलीचे होते, परंतु तो नियम रिव्हॉल्व्हरलाही तसाच लागू पडतो. म्हणून ओतलेल्या गोळ्यांचा ढीग निवडताना तोंडावरच्या सुरकुतीकडे क्षमाशील दृष्टीने पाहावे, आणि तळाच्या कडेचा अगदी लहान खोलगटपणाही खपवून घेऊ नये.

धातूची बाब थोडक्यात सांगतो. शुद्ध शिसे ब्रिनेल मापाने सुमारे ५ इतके मऊ. त्यात कथिल व अँटिमनी मिसळले की ते कठीण होते. कथिलाने रस पातळ होऊन साच्याच्या कोपऱ्याकोपऱ्यांत शिरतो. अँटिमनीने काठिण्य येते आणि थंड होताना होणारे आकुंचन घटते. अमेरिकेतील हौशी लोकांना यासाठी सर्वांत सोयीचा खजिना मिळाला तो छापखान्यांत. लायनोटाइप यंत्राच्या धातूत अँटिमनी १२ टक्के, कथिल ४ टक्के आणि बाकीचे शिसे असते, आणि त्याचे काठिण्य २२ च्या घरात जाते. आपल्या निर्णयसागरासारख्या छापखान्यांचे खिळे ज्या तीन धातूंच्या मिश्रणातून ओतले जात तेही हेच कुल, केवळ प्रमाणे निराळी. कंपोझिटरच्या बोटांना परिचित असलेला तो जड, करडा धातू ओहायोच्या मैदानावर वर्तुळे मोजीत होता असे म्हटले तरी चालेल. मात्र निव्वळ लायनोटाइपची गोळी मंद बारासाठी नको तितकी कठीण होते. मऊ गोळीचा तळ दारूच्या दाबाने किंचित फुगून नळीच्या खाचा भरून काढतो. कठीण गोळी फुगत नाही, आणि तिच्या कडेने निसटणारा वायू शिसे कापून नळीला लिंपतो. नळीला शिसे चढले की धातू मऊ होता असे अनुमान सर्रास काढले जाते. मंद बारांच्या बाबतीत ते पुष्कळदा नेमके उलटे असते. कथिलाचा एक भाग आणि शिशाचे वीस भाग, म्हणजे सुमारे १० काठिण्याचे मिश्रण, या कामास पुरून उरते. कारखान्यांतील वॉडकटर गोळ्या ओतीव नसून दाबयंत्रात ठोकून काढलेल्या, जवळजवळ शुद्ध शिशाच्या आणि तळाशी पोकळ असतात. त्या पोकळीची पातळ भिंत दाबाने पसरून नळीला बिलगते, आणि म्हणूनच घट्ट व सैल अशा दोन्ही नळ्यांत त्या निमूटपणे चालतात. त्यांना वेग अधिक दिला तर तीच भिंत तुटून नळीत अडकून राहण्याचा धोका असतो.

ओतकाम हे पाककृतीसारखे आहे: प्रमाण पुस्तकात सापडते, पाक मात्र हातालाच कळतो. शिसे ३२७ अंश सेल्सियसला वितळते, आणि रस त्याच्या चाळीस-पन्नास अंश वर राखावा लागतो. साचा थंड असेल तर गोळीच्या अंगावर सुरकुत्या येतात; अती तापला तर तिच्यावर दहिवर पडल्यासारखी पांढुरकी झाक येते, आणि या दोहोंत दुसरा दोष पुष्कळ सुसह्य. रसात चिमूटभर मेण टाकून ढवळले की कथिल पुन्हा धातूत मिसळते आणि मळी वर येते. पाण्याचा एक थेंबही रसाखाली सापडला तर त्याची क्षणात वाफ होऊन कढईतले शिसे चौफेर उडते. म्हणून घामेजलेले कपाळ कढईवर वाकवू नये. शिशाचे विष वाफेपेक्षा मळीच्या धुळीतून आणि न धुतलेल्या हातांतून अंगात जास्त जाते, आणि बंदिस्त मैदानावर ते टोपीतील शिशाच्या संयुगांतूनही हवेत मिसळते. हात धुणे, खिडकी उघडी ठेवणे आणि त्या खोलीत अन्न न नेणे, एवढा बंदोबस्त ज्याला जड वाटतो त्याने गोळ्या विकत घ्याव्यात.

ओतलेल्या गोळीच्या अंगावरील चऱ्यांत वंगण भरावे लागते. अमेरिकेच्या राष्ट्रीय रायफल संस्थेने लोकप्रिय केलेल्या मिश्रणात निम्मे मधमाशांचे मेण आणि निम्मे अलॉक्स नावाचे खनिज तेलापासून काढलेले द्रव्य असे. मंद बाराला याचाही पातळ हात पुरतो. नळीच्या मुखाशी वंगणाचे चांदणीसारखे वलय उमटले की जाणकार समाधान मानतात.

एवढे सारे साधल्यावरही सहा घरांचा प्रश्न शिल्लक राहतोच. प्रत्येक घर नळीशी सारख्याच अचूकपणे जुळते असे नाही. म्हणून नेमबाज घरांवर खुणा करून टेकूवरून प्रत्येक घराचे बार निरनिराळ्या कागदांवर घेतो, आणि पाच घरांचे पुंजके एकत्र येऊन सहावे एकीकडे पडल्याचे दृश्य काही दुर्मिळ नाही. कोल्टच्या जुन्या रचनेत चाप दाबलेला असताना चक्रीला ढकलणारी कांडी तिला अगदी घट्ट धरून ठेवते, आणि त्यामुळे तिची जुळणी नवेपणी अत्युत्कृष्ट असते. पण तीच कांडी कालांतराने झिजते, आणि ती झिजलेले जुने कोल्ट विकणारा त्याविषयी मौन पाळतो. जुने रिव्हॉल्व्हर घेताना नळीच्या चकाकीपेक्षा ही जुळणी आधी पाहावी.

मघाशी ज्या रिकाम्या कोठाराचा उल्लेख केला त्याचे दुसरे, भयावह अंगही सांगणे प्राप्त आहे. एका कवचात चुकून दोनदा, तीनदा दारू पडली तरी ती बाहेर सांडत नाही, आणि वरून समतल बसवलेली गोळी सारे झाकून टाकते. चक्री फुटून चौकटीचा वरचा पूल उडाल्याची उदाहरणे या सौम्य काडतुसाच्याच नावावर जमा आहेत. प्रत्येक कवचात दिव्याच्या उजेडात डोकावल्यावाचून गोळी बसवू नये, हा नियम त्यामुळे आला. भारतात अर्थात १९५९ च्या शस्त्र अधिनियमान्वये परवान्यावाचून दारूगोळा तयार करता येत नाही, आणि नेमबाज मान्यताप्राप्त मार्गाने मिळालेली काडतुसेच वापरतात. तरीही ही गोळी आपल्याला परकी नाही. २५ मीटरवरच्या सेंटर-फायर पिस्तूल स्पर्धेत ७.६२ ते ९.६५ मिलिमीटर मापाची शस्त्रे चालतात, आणि तेथे वॉडकटरचेच ०.३२ मापातले धाकटे रूप मातब्बर आहे. याच प्रकारात जसपाल राणा यांनी २००६ च्या दोहा येथील आशियाई खेळांत ६०० पैकी ५९० गुण घेऊन त्या वेळच्या जागतिक विक्रमाची बरोबरी केली.

अमेरिकेत मात्र रिव्हॉल्व्हरची सद्दी फार टिकली नाही. भरभर बार काढण्याच्या फेऱ्यांत प्रत्येक वेळी घोडा अंगठ्याने मागे ओढण्याचा व्याप स्वयंचलित पिस्तुलाला नसतो, आणि ०.४५ च्या पिस्तुलांनी हळूहळू सारे मैदान व्यापले. शेवटी १९६१ मध्ये स्मिथ अँड वेसननेच मॉडेल ५२ हे स्वयंचलित पिस्तूल काढले; त्याच्या खजिन्यात पाच काडतुसे मावत, आणि ती सगळी ०.३८ स्पेशलची, गोळी कवचात समतल बसवलेली वॉडकटरच असावी लागत, कारण नाक पुढे आलेली गोळी त्या खजिन्यात शिरतच नसे.